काळ्या माइल्डची चव कोणी ठरवली?

समजा, इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या पबमध्ये आपल्यासमोर दोन पेले ठेवले आहेत. एकात लख्ख सोनेरी बिअर आहे आणि दुसऱ्यात कोऱ्या चहाहूनही गडद, जवळजवळ काळी. यांतली कडक कोणती? आम्ही हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला आहे. ज्यांनी मद्य कधी ओठाला लावले नाही तेही, आणि ज्यांना त्यातले कळते असे म्हणतात तेही, काळ्या पेल्याकडेच बोट दाखवतात. काळ्या पेल्यात जर 'डार्क माइल्ड एल' असेल तर हे उत्तर बहुधा चुकते. माइल्डमध्ये अल्कोहोलचे प्रमाण साधारणपणे ३ ते ३.६ टक्के असते. शेजारची सोनेरी बिअर अनेकदा ४ ते ५ टक्क्यांची असते.

शिक्षकांच्या मासिकात बिअरच्या चवीची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. वाटणे साहजिक आहे. मद्यपानाचे गोडवे गाणे हा आमचा हेतू नाही. पण या एका पेयाचा रंग, त्याचा गोडवा आणि त्याचा सौम्यपणा यांच्यामागे निरनिराळी कारणे आहेत, आणि ती स्वयंपाकघरातली नाहीत. एक कारण कराच्या कायद्यात सापडते, एक तरफदार तराजूसारख्या साध्या उपकरणात आणि एक महायुद्धात. मधल्या काळात याच कारणांच्या साखळीतून एका औद्योगिक शहरातली हजारो गरीब माणसे विषबाधेने आजारी पडली. रसायनशास्त्राचा वर्ग आणि इतिहासाचा वर्ग एकाच बाकावर बसवायचा असेल, तर इतके सोयीचे उदाहरण क्वचित मिळते.

आधी नावाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे बाटलीवर 'माइल्ड' आणि 'स्ट्राँग' असे लिहिलेले असते. तेथे माइल्ड म्हणजे कमी अल्कोहोलची. इंग्लंडमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ वेगळा होता. माइल्ड म्हणजे ताजी, नवी, नुकतीच तयार झालेली. तिच्या उलट 'ओल्ड' किंवा 'स्टेल', म्हणजे लाकडी पिंपात महिनोन् महिने मुरलेली, थोडी आंबूस झालेली. लोणचे ताजे असते आणि मुरलेले असते, तसाच हा भेद. त्यात कडकपणाचा काही संबंध नव्हता. उलट १८३० च्या दशकातली लंडनची साधी माइल्ड आजच्या बहुतेक बिअरपेक्षा जोमदार असे, आणि रंगाने ती बरीच फिकी असे. म्हणजे आज जिला आपण 'पारंपरिक काळी माइल्ड' म्हणतो, ती त्या परंपरेच्या उत्तरार्धातच काळी आणि सौम्य झाली. परंपरा नावाची गोष्ट किती अलीकडची असू शकते, याचा हा नमुना आहे.

रंगाची गोष्ट

बिअर करताना बार्लीला, म्हणजे आपल्या जवाला, आधी मोड आणतात. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. मग दाणे भट्टीवर वाळवतात. या वाळवलेल्या मोडाच्या धान्याला माल्ट म्हणतात. आपल्या घरी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व करतात, त्याची पहिली पायरी हीच. माल्ट भरडून गरम पाण्यात भिजवले की विकरे पिष्टाचे तुकडे करून त्याच्या शर्करा बनवतात. हे गोड पाणी हॉपच्या फुलांबरोबर उकळायचे, गार करायचे आणि यीस्टच्या हवाली करायचे.

अठराव्या शतकात लंडनची लोकप्रिय बिअर होती पोर्टर. ती तपकिरी माल्टपासून बनत असे आणि म्हणूनच काळसर असे. मग बिअरच्या कारखान्यांत हायड्रोमीटर आला. पाण्यात तरंगणारी, खाली वजन असलेली ही नळी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही असते. जॉन रिचर्डसन याने १७८४ साली या उपकरणाचा बिअरसाठी उपयोग कसा करावा यावर पुस्तक लिहिले. गोड पाण्याची घनता मोजल्यावर ब्रुअरांना धक्काच बसला. तपकिरी माल्ट स्वस्त वाटे, पण जास्त भाजल्यामुळे त्यातून शर्करा बरीच कमी निघे. फिके माल्ट महाग असले तरी हिशेबात तेच परवडत होते. तेव्हा सगळे फिक्या माल्टकडे वळले. हिशेब सुटला, पण पोर्टरचा रंग गेला आणि गिऱ्हाइकाला तर काळी पोर्टरच हवी होती.

मग जळकी साखर आली, आणि त्याहून वाईट पदार्थही आले. येथे सरकार मध्ये पडते. त्या काळी ब्रिटनमध्ये बिअरवरच्या कराचा मोठा भाग माल्टवर आकारला जाई. साखर घातली की तेवढा कर बुडाला. काही वर्षे जळक्या साखरेला सूट दिल्यानंतर १८१६ च्या कायद्याने ब्रुअरला माल्ट आणि हॉपखेरीज काहीही वापरायला, इतकेच काय जवळ बाळगायलाही, बंदी केली. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर याने एक एकस्व घेतले. कॉफीचे दाणे भाजायच्या यंत्रासारख्या लोखंडी पिंपात माल्ट फिरवत ठेवायचे आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या वर भाजायचे. माल्ट कोळशासारखे काळे होते. शंभर भाग फिक्या माल्टमध्ये असे दोन-तीन भाग मिसळले तरी सगळी बिअर काळी दिसते. कर माल्टवर भरलेलाच असे, त्यामुळे कायद्याचे बोट कोठेच लागत नाही. या काळ्या माल्टला आजही 'पेटंट माल्ट' म्हणतात.

रंग आणि कडकपणा यांची फारकत येथे पुरी झाली. पूर्वी निदान जास्त तपकिरी माल्ट म्हणजे जास्त काळी बिअर, एवढे तरी खरे होते. आता मूठभर काळ्या दाण्यांनी हवा तो रंग देता येऊ लागला. आपला डोळा मात्र अजूनही जुन्याच हिशेबाने चालतो. फ्रान्समध्ये बोर्दो येथे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली. ते वाइनचेच शिक्षण घेत होते. तरीही त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग वर्गात करायला वाइन लागत नाही. एकाच पातेल्यातले साखरेचे पाणी चार ग्लासांत ओता, तिघांत खाण्याचे वेगवेगळे रंग घाला आणि मुलांना कोणते अधिक गोड ते विचारा. पातेले एकच होते हे शेवटी सांगा.

साखरेची वाट मोकळी झाली तेव्हा

१८४७ मध्ये बिअरमध्ये साखर घालायला परवानगी मिळाली, पण खरा बदल १८८० चा. त्या वर्षी ग्लॅडस्टनच्या सरकारने माल्टवरचा जवळजवळ दोनशे वर्षे चाललेला कर काढून टाकला आणि कर थेट आंबवण्यापूर्वीच्या गोड पाण्यावर बसवला, तोही त्याच्या घनतेच्या प्रमाणात. म्हणजे हायड्रोमीटर आता कर अधिकाऱ्याच्या हातात गेला. गोडवा कशातून आला याच्याशी सरकारला देणेघेणे उरले नाही. माल्ट घाला, तांदूळ घाला, मका घाला, साखर घाला.

ब्रुअरांनी साखर घातली. त्यातही विशेष पसंती होती ती ग्लुकोजला आणि 'इन्व्हर्ट' साखरेला. आपली साधी साखर, म्हणजे सुक्रोज, आम्लाबरोबर तापवली की तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. हीच इन्व्हर्ट साखर. तिची गडद प्रत काकवीसारखी दिसते आणि तिला वासही साधारण तसाच येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माइल्ड गडद होत गेली, तिला मनुका आणि काकवीची आठवण करून देणारी चव आली, यात या साखरेचा आणि कॅरमेलचा हात मोठा आहे. शहरातल्या मजुराची रोजची बिअर म्हणजे स्वस्त माइल्ड. एका क्वार्टला, म्हणजे सव्वा लिटरहून थोडे कमी, चार पेनी पडत. म्हणून तिचे नावच 'फोर एल' पडले होते.

१९०० सालच्या उन्हाळ्यात आणि पावसाळी दिवसांत मँचेस्टर आणि शेजारच्या सॅल्फर्डमध्ये एक विचित्र आजार पसरू लागला. माणसांचे हातपाय बधिर होत, पावलांत आग होई, चालता येईना, स्नायू लुळे पडत. डॉक्टरांना हे चित्र नवे नव्हते. अति मद्यपानाने मज्जातंतूंना सूज येते आणि असेच होते, हे पुस्तकात होते. रुग्णही बिअर पिणारे, गरीब वस्तीतले. तेव्हा निदान सोपे झाले: हा दारूचा परिणाम. रुग्णाने 'मी इतकी पीत नाही' म्हटले तर कोण विश्वास ठेवणार? दारुड्याचे तेच पालुपद, असे म्हणून विषय संपत असे. आमच्या मते या सगळ्या हकीकतीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. विष सापडायला वेळ लागला, त्याचे एक कारण असे की रुग्णाच्या चारित्र्यातच उत्तर सापडले आहे असे सर्वांना वाटत होते.

मँचेस्टरच्या गरिबांसाठीच्या वर्कहाउस रुग्णालयात अर्नेस्ट सेप्टिमस रेनॉल्ड्स हे डॉक्टर होते. त्यांना काही गोष्टी जुळेनात. रुग्णांची कातडी काळवंडत होती. तळहात आणि तळपाय जाड, खरखरीत होत होते. नागिणीचे रुग्ण अचानक वाढले होते. आणि मुख्य म्हणजे, दारूनेच हे होत असेल तर व्हिस्कीसारखी कडक दारू पिणाऱ्यांना ते आधी व्हायला हवे. पण ते सुटत होते आणि बिअर पिणारे सापडत होते. कातडीची ही लक्षणे आर्सेनिकची, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी रुग्ण पीत होते ती बिअर मागवली आणि तिच्यावर राइन्शची कसोटी लावली. ही कसोटी १८४१ पासून माहीत होती. नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे, त्यात स्वच्छ तांब्याची पट्टी बुडवून तापवायचे. आर्सेनिक असेल तर पट्टीवर करडा-काळा थर धरतो. थर धरला. हे नोव्हेंबर १९०० मध्ये.

आता बिअरमध्ये आर्सेनिक आले कोठून? निरनिराळ्या ब्रुअरींच्या बिअरमध्ये ते होते आणि या ब्रुअरींत समान दुवा एकच निघाला. त्या ग्लुकोज आणि इन्व्हर्ट साखर लिव्हरपूलजवळच्या गार्स्टन येथील बोस्टॉक कंपनीकडून घेत होत्या. बोस्टॉक ही साखर बनवायला सल्फ्युरिक आम्ल वापरी आणि ते लीड्सच्या निकोल्सन कंपनीकडून येई. सल्फ्युरिक आम्ल गंधकापासून करता येते किंवा लोखंडाच्या पायराइट या खनिजापासून. पायराइट स्वस्त पडते, पण स्पेनमधून येणाऱ्या पायराइटमध्ये आर्सेनिकही असते. खनिज भाजले की सल्फर डायऑक्साइडबरोबर आर्सेनिकच्या ऑक्साइडची वाफही निघते आणि आम्लात उतरते. काही कारखाने ते काढून टाकत, काही तसेच विकत, कारण पुष्कळ गिऱ्हाइकांना त्याने काही बिघडत नसे. निकोल्सन पूर्वी शुद्ध आम्ल देत होती. १९०० च्या सुरुवातीला अशुद्ध आम्ल येऊ लागले. आम्ल कशासाठी वापरणार हे विकणाऱ्याने विचारले नाही. आम्ल कशापासून केले हे घेणाऱ्याने विचारले नाही. साखर तयार झाल्यावर उरलेले आम्ल खडूने मारत. त्यातून जिप्सम बनून खाली बसे, पण आर्सेनिक साखरेतच राहत असे.

सहा हजारांहून जास्त लोक आजारी पडले. किमान ७० मृत्यू नोंदले गेले. चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला आणि त्याच्या अध्यक्षपदी होते लॉर्ड केल्व्हिन, ज्यांचे नाव आपण तापमानाच्या एककात रोज घेतो. आयोगाच्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. कोक किंवा कोळशाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टमध्येही थोडे आर्सेनिक उतरू शकते. म्हणजे 'साखर नको, शुद्ध माल्टची बिअर द्या' अशी मागणी करणारे जितके निर्धास्त होते तितके त्यांनी असायला नको होते. १९०३ च्या अंतिम अहवालात आयोगाने पेय पदार्थांसाठी मर्यादा सुचवली: एका गॅलनला एक शतांश ग्रेन. आजच्या भाषेत लिटरला सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. अन्नातल्या विषारी अंशाला आकड्याची मर्यादा घालण्याचा हा एक प्रारंभीचा प्रयत्न होता. आज पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आणि भारतीय मानकानेही सांगितलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे चौदा पट कडक. १९८० च्या दशकात पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्याने आजारी पडलेल्यांच्या तळहातांवर जी खरखरीत जाडी दिसली, तीच रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरमध्ये पाहिली होती.

बिअरमध्ये साखर घालणे यानंतरही चालूच राहिले. साखर बनवायचे आम्ल आणि माल्ट वाळवायचे इंधन मात्र तपासले जाऊ लागले.

सौम्यपणा कोठून आला

येथवर माइल्ड काळी झाली, गोडसर झाली, पण तिच्यातला जोम अजून होता. तो कसा गेला हे सांगण्यासाठी ब्रुअरांची मोजण्याची पद्धत समजून घेऊ. पाण्याची घनता १००० धरतात. आंबवण्यापूर्वीचे गोड पाणी १०३६ असेल, तर ते पाण्याच्या १.०३६ पट जड आहे. यीस्टने शर्करा खाल्ली की घनता उतरते, समजा १०१० पर्यंत. फरक २६. त्याला ०.१३१ ने गुणले की अल्कोहोलची टक्केवारी येते, येथे सुमारे ३.४. ही आजची सर्वसाधारण माइल्ड. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमधल्या सगळ्या बिअरची सरासरी सुरुवातीची घनता १०५२ च्या आसपास होती. ती आंबून १०१३ वर आली असे धरले तर अल्कोहोल पाच टक्क्यांहून थोडे जास्त येते.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये बिअरच्या प्रमाणित पिंपावरचा कर ७ शिलिंग ९ पेन्सवरून एकदम २३ शिलिंगांवर गेला. १९२० पर्यंत तो १०० शिलिंग झाला. कर घनतेवर होता, त्यामुळे दर वाढू न देण्याचा सोपा उपाय म्हणजे पातळ बिअर काढणे. १९१५ मध्ये दारूच्या नियंत्रणासाठी केंद्रीय मंडळ स्थापन झाले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीत राहावेत म्हणून पब दुपारी बंद राहू लागले. युद्ध संपले, पण दुपारची बंदी इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकली. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजे बुडवायला सुरुवात केल्यावर भाकरी की बिअर असा सरळ प्रश्न उभा राहिला. उत्पादनावर कात्री लागली. त्याच वर्षी किमतीही बांधल्या गेल्या: १०३६ पेक्षा कमी घनतेची बिअर पिंटला चार पेन्स. १९१८ पर्यंत सरासरी घनता १०३० च्या आसपास उतरली.

या घसरणीत सर्वांत खाली गेली ती अर्थातच सर्वांत स्वस्त बिअर, म्हणजे माइल्ड. युद्धानंतर घनता थोडी सावरली, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा उतरली, आणि १८३० च्या जोमाची माइल्ड बाजारातून जवळजवळ गेलीच. मजुराला मात्र ही सौम्य माइल्ड मानवली. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ब्लॅक कंट्री नावाचा पट्टा आहे. कोळशाच्या खाणी, ओतशाळा, साखळ्या घडवणाऱ्यांच्या भट्ट्या. तेथे पाळी संपवून आलेल्या माणसाला तहान भागवायला भरपूर आणि स्वस्त द्रव हवा असे. कडक बिअरचे चार पिंट झेपत नाहीत. माइल्डचे झेपतात.

जिभेवर

आम्ही ही एल चाखली ती याच ब्लॅक कंट्रीत. चाखण्याचा क्रम साधा ठेवावा: सौम्य आधी, जोमदार नंतर. ब्रायर्ली हिलच्या बॅथम या १८७७ पासूनच्या ब्रुअरीची माइल्ड ३.५ टक्क्यांची आहे. पेला दिव्यासमोर धरला तर काळेपणा पातळ होतो आणि कडेला माणकासारखी लाली दिसते. ती थंडगार नसते. तळघराच्या तापमानाला, ११ ते १३ अंशांना, पेल्यात येते. फारच थंड दिली तर वास निघत नाही, आणि माइल्डकडे वासाखेरीज फारसे भांडवल नाही. नाकाला आधी भाजलेल्या धान्याचा खरपूस वास येतो, तव्यावर थोड्या जास्त राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा. त्यामागून काकवी. जिभेवर हलका गोडवा, थोडासा कडसरपणा, फेस बेताचा. सोड्यासारखे झोंबत नाही. घोट संपला की तोंडात फार काही रेंगाळत नाही. प्रथम वाटते, एवढेच? दुसऱ्या घोटाला लक्षात येते की एवढ्या कमी अल्कोहोलात हे पाणचट कसे लागत नाही, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर विकरांत आहे. माल्ट पाण्यात भिजवताना दोन विकरे काम करतात. बीटा-अमायलेज ६२ ते ६५ अंशांना जोरात असते आणि पिष्टाच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज तोडत जाते, जे यीस्टला आवडते. अल्फा-अमायलेज ७० अंशांच्या जवळ जोरात असते आणि साखळी मधूनच कोठेही तोडते. तापमान ६८ अंशांच्या आसपास ठेवले तर बीटा लवकर थकते आणि मोठे तुकडे, डेक्स्ट्रिन, शिल्लक राहतात. यीस्ट ते खाऊ शकत नाही. ते बिअरमध्ये तसेच राहतात आणि तिला अंग देतात. त्यात 'क्रिस्टल माल्ट'ची भर. हे माल्ट ओले असतानाच तापवतात, त्यामुळे दाण्याच्या सालीतच पिष्टाची साखर होऊन ती खडीसाखरेसारखी गोठते. युद्धाने काढून घेतलेला जोम असा तापमानाच्या दोन-चार अंशांनी झाकला जातो. मोड आलेल्या बाजरीचे किंवा जवाचे पीठ आणि आयोडिनचे दोन थेंब घेऊन ही विकरे वर्गात सहज दाखवता येतात. निळा रंग किती मिनिटांनी नाहीसा होतो ते ६० आणि ७० अंशांना मोजून पाहावे.

तेथून काही मैलांवर सेजली गावी सारा ह्यूज यांच्या नावाची छोटी ब्रुअरी आहे. ती मध्यंतरी बंद पडली होती. नातवाने १९८७ मध्ये ती पुन्हा उघडली आणि आजीच्या काळच्या कृतीने 'डार्क रूबी माइल्ड' काढायला घेतली. ती ६ टक्क्यांची आहे. रंगाने दोन्ही पेले जवळजवळ सारखे. पण हिचा घोट दाट लागतो, मनुका आणि जांभळासारखा, आणि छातीत ऊब उतरते. एकापाठोपाठ दोन्ही चाखले की सरासरी घनतेच्या आकड्यांचा तक्ता जिभेला कळतो.

पेल्यातली बिअर नितळ का असते, यात आपल्या किनाऱ्याचाही थोडा हात आहे. पारंपरिक एल पिंपातच दुसऱ्यांदा आंबते, त्यामुळे पिंपात यीस्ट असतेच. ते खाली बसवायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेले आयसिंग्लास घालतात. हे कोलॅजन नावाचे प्रथिन. बिअरच्या आम्लतेत त्यावर धन विद्युत्भार असतो आणि यीस्टवर ऋण. दोघे एकमेकांना धरून तळाशी जातात. पिंप उबदार जागी राहिले तर कोलॅजनचे साधे जिलेटिन होते आणि बिअर गढूळ राहते. पूर्वी चांगले आयसिंग्लास रशियातून येई. हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरच्या माशांपासून ते मिळवता येईल का, यावर जॉन फोर्ब्ज रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४२ साली लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. माइल्डला रंग देणारा कॅरमेलही याच विद्युत्भाराच्या हिशेबाने निवडावा लागतो. तो धन भाराचा असतो. कोलासारख्या शीतपेयांतला ऋण भाराचा कॅरमेल बिअरमध्ये घातला तर तिथल्या प्रथिनांशी बांधला जाऊन साका होतो.

काळ्या रंगाने माइल्डचे नुकसानही केले. पेल्यांतून सांडलेली, नळाखालच्या तसराळ्यात साठलेली बिअर काही पबवाले माइल्डच्या पिंपात परत ओतत, कारण फिक्या बिअरमध्ये ते दिसले असते. हा दुर्लौकिक तिला फार चिकटला. १९६० च्या दशकात बिटर या फिक्या एलने तिला मागे टाकले, मग लागर आली, मग खाणी आणि ओतशाळाच बंद होत गेल्या. माइल्ड म्हणजे म्हाताऱ्यांचे पेय, असे तरुण म्हणू लागले. १९७१ मध्ये स्थापन झालेली 'कामरा' ही ग्राहकांची चळवळ दर मे महिन्यात माइल्डचा प्रचार करते. तिच्या वार्षिक स्पर्धेत ब्रिटनमधली सर्वोत्तम बिअर म्हणून २००० साली बर्नलीच्या मूरहाउसची ३.४ टक्क्यांची 'ब्लॅक कॅट' निवडली गेली, २००७ मध्ये हॉबसन्सची ३.२ टक्क्यांची माइल्ड आणि २००९ मध्ये रडगेटची 'रूबी माइल्ड'.

तरीही पबवाला ती ठेवायला कचरतो, आणि त्याचे गणित समजण्यासारखे आहे. पिंपातून बिअर काढली की तेवढी हवा आत शिरते. हवेने तीन-चार दिवसांत चव उतरते, आणि अल्कोहोल व हॉप दोन्ही कमी असल्यामुळे माइल्डला संरक्षणही कमी. नेहमीच्या पिंपात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पिंट असतात. दिवसाला चोवीस पिंट खपले तरच शेवटचा पेला पहिल्यासारखा लागेल. खपले नाहीत तर चौथ्या दिवशीचे गिऱ्हाईक आंबूस माइल्ड पिऊन जाते आणि पुन्हा मागत नाही, मग पुढचे पिंप आणखी हळू संपते. काही पब म्हणून आता साडेचार गॅलनचे छोटे पिंप मागवतात. त्यात ३६ पिंट बसतात.